‘उशीर होईल, जेवून घे’: मोडलेल्या संसाराचं कंट्री गाणं कसं लिहावं

माझं लग्न अकरा वर्षांनी मोडलं. त्यानंतर मी जे पहिलं गाणं लिहिलं त्यात ‘वेदना’ चार वेळा होती आणि ‘तू असा कसा वागलास’ प्रत्येक कडव्याच्या शेवटी. पेडल स्टील, म्हणजे पायाच्या पेडलनी सूर चढवायचं आडवं गिटार, वाजवणाऱ्या एका मित्राला ते ऐकवलं. गाणं संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, “तुमच्या जेवायच्या टेबलावर काय काय असायचं?” मला राग आला. पण रात्री त्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले आणि खरं गाणं तिथून सुरू झालं.

म्हणून पहिलं काम: गिटार बाजूला ठेवा. तुमच्या घरात रोज बोललं जाणारं एक साधं वाक्य शोधा. ते भांडणातलं नको, प्रेमाचंही नको. दार लावताना, फोन ठेवताना आपोआप तोंडून निघणारं हवं. माझं होतं, ‘उशीर होईल, जेवून घे.’ कंट्रीमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या त्या साध्या, गोष्ट सांगणाऱ्या गाण्यांत, अशा ओळीला हुक म्हणतात. अख्खं गाणं तिच्यावर टांगलेलं असतं.

आता त्या ओळीची परीक्षा घ्या. एकही शब्द न बदलता तिचे तीन अर्थ निघतात का? माझ्या पहिल्या कडव्यात लग्न नवीन आहे:

खुर्ची एकच होती तेव्हा, ताट मांडीवर,
तुझा फोन वाजायचा ठीक आठच्या ठोक्यावर

आणि मग हुक. इथे ती काळजी आहे. दुसऱ्या कडव्यात खुर्च्या दोन झाल्यात, पण फोन रोजच येतो आणि तेच वाक्य आता निमित्त झालंय. तिसऱ्यात ते वाक्य गाण्यातली बायको लिहिते:

दोन्ही खुर्च्या पुसून ठेवल्या, किल्ली बशीखाली,
चार शब्दांची चिठ्ठी लिहून गाडी सुरू झाली

‘उशीर होईल, जेवून घे.’ ती परत येणार नाही, हे गाण्यात कुठेच म्हटलेलं नाही. ऐकणाऱ्याला ते स्वतःचं स्वतः कळतं, आणि जे स्वतःहून कळतं तेच लागतं. तुमच्या ओळीचा अर्थ तीनदा बदलत नसेल तर दुसरी ओळ शोधा. मी या एका कामाला दोन आठवडे दिले. बाकीचं गाणं तीन दिवसांत झालं.

हे किती बारकाईने करता येतं ते पाहायचं असेल तर गायिका टॅमी वायनेटचं 1968 मधलं ‘डी-आय-व्ही-ओ-आर-सी-ई’ ऐका. त्यातली आई घटस्फोट हा शब्द उच्चारत नाही, लहान मुलाला कळू नये म्हणून एकेक अक्षर सुटं करून सांगते. दुःखाला अशी एक घरगुती वागणूक मिळाली की विशेषणांची गरज उरत नाही. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पटमन या तिच्याच गीतकारांनी लिहिलेलं आणि जॉर्ज जोन्सने गायलेलं 1980 चं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ दुसरी गोष्ट शिकवतं. त्याचं प्रेम आज थांबलं असं गाणं सांगतं. का थांबलं, तर तो आज वारला. ही बातमी पहिल्या कडव्यात दिली असती तर काहीच उरलं नसतं. तुमच्याकडचं सगळ्यात मोठं सत्यही असंच शेवटाकडे सरकवा. त्या गाण्यात एक भाग गायलेला नाही, नुसता बोललेला आहे. ती युक्ती मी उचलली: तिसरं कडवं मी बोलते, फक्त हुक गाते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. समोरच्याला खलनायक करू नका. मी पहिल्या खर्ड्यात केलं होतं, आणि ते गाणं ऐकताना लोक माझ्या बाजूने रागावत होते, रडत कुणीच नव्हतं. आता दुसऱ्या कडव्यात तो झोपलेल्या तिच्या अंगावर पांघरूण घालतो. ही एक ओळ लिहिणं मला सगळ्यात जड गेलं आणि तीच मी कधी गाळणार नाही.

चालीकडे या. सुरांची चिंता करू नका, तीन कॉर्ड पुरतात. नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या शहरातल्या स्टुडिओत कॉर्ड आकड्यांनी लिहितात. 1950 च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकमंडळातल्या नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत आणली. तुम्हीही 1, 4, 5 असंच लिहा, म्हणजे पट्टीतल्या पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या स्वरावरचे कॉर्ड. जी पट्टीत ते जी, सी, डी होतात. गळ्याला ए सोयीची असेल तर ए, डी, ई. कागद तोच राहतो. ताल वॉल्ट्झचा घ्या, एक-दोन-तीन, मेट्रोनोम मिनिटाला 90 ठोक्यांच्या आसपास. एकला अंगठ्याने खर्जाची जाड तार, दोन-तीनला हलके स्ट्रोक.

शब्द तालात बसवताना दीर्घ अक्षर ‘एक’वर पडू द्या. ‘उ’ मोजणीच्या आधीच म्हणायचा. मग ‘शीर’ एकवर, ‘हो’ दोनवर, ‘ईल’ तीनवर. पुढच्या बारमध्ये, म्हणजे पुढच्या एक-दोन-तीनमध्ये, ‘जे’ एकवर, ‘वून’ दोनवर. तिसऱ्या बारच्या एकवर ‘घे’, आणि तो दोन बार धरायचा. कॉर्ड 4, 1, 5, 1. म्हणजे ‘घे’ सुरू होतो 5 या कॉर्डवर आणि घरी येतो 1 या कॉर्डवर. ऱ्हस्व अक्षर ‘एक’वर आलं तर ओळ वाचल्यासारखी वाटते, कुणी बोलल्यासारखी नाही.

पेडल स्टीलचा तो हुंदका कशाने येतो, तर पायाच्या दाबाने एक तार चढते आणि शेजारची जागेवर राहते. 1954 मध्ये आलेल्या, गायक वेब पिअर्सच्या ‘स्लोली’त स्टीलवादक बड आयझॅक्सने हे केलं आणि सगळे स्टीलवाले त्याच्या मागे लागले. साध्या गिटारवरही जवळपास जाता येतं. सी कॉर्डवर असताना दुसरी तार आठव्या फ्रेटला धरा, तिसरी सातव्याला. दोन्ही एकदम छेडा आणि फक्त तिसरी सावकाश पूर्ण स्वर वर ओढा. दुसरी हलू द्यायची नाही. बोटं दुखतील. हे संपूर्ण गाण्यात दोनदाच वाजवा.

गाताना आवाज चढवू नका. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाशी बोलतो तेवढाच ठेवा. रडू येणार असेल तर ते आधी, सरावात येऊन जाऊ द्या. मला पंधरा-वीस वेळा गायल्यावर कोरड्या गळ्याने गाता आलं.

शेवटच्या हुकला 5 वर एक बार जास्त थांबा. ऐकणारा 1 ची वाट बघतो. मग 1 वाजवा, हलकेच, एकदाच, आणि तारांवर हात ठेवू नका. आवाज आपोआप विरेपर्यंत गिटार तशीच धरून ठेवा.