गाडीचा बंपर घरी रंगवताना

घरच्या घरी रंगकाम शिकायचे असेल, तर सुरुवात बंपरपासून किंवा आरशाच्या कव्हरपासून करावी, कारण हे भाग गाडीपासून वेगळे काढता येतात आणि त्यांच्या वळणांमुळे लहानसहान दोष नजरेस कमी येतात. बॉनेट आणि टप हे सपाट, आडवे आणि सतत उजेडात असणारे भाग आहेत. त्यांच्यावर आरंभीच हात घालू नये. तसेच ओरखडा चार इंचांचा असला तरी रंग चार इंचांपुरता देऊ नये. बंपरच्या मध्येच संपणारा नवा रंग कितीही कौशल्याने दिला तरी त्याची कड उन्हात दिसते. म्हणून संपूर्ण भाग, जिथे तो नैसर्गिकपणे संपतो त्या कडेपर्यंत, रंगवावा.

रंग घेताना डोळ्यांवर विसंबू नये. गाडीच्या कलर कोडची पट्टी बहुधा चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा इंजिनाच्या कप्प्यात असते. तो कोड दुकानात दिल्यावर रंग मिसळून मिळतो आणि पुष्कळ ठिकाणी तो स्प्रे कॅनमध्ये भरूनही देतात. मात्र आठ-दहा वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग कोडबरहुकूम राहिलेला नसतो. त्यामुळे आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर नमुना फवारून, त्यावर क्लिअर (रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर) देऊन, तो सुकल्यावर दारापाशी धरून दिवसाच्या उजेडात पाहावा. साधा पांढरा, लाल किंवा काळा रंग नवशिक्याला जमतो. चंदेरी मेटॅलिक अवघड असतो आणि तीन थरांचा मोतिया पांढरा तर अनुभवी पेंटरकडेच द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात या कामाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे. पावसाळ्यात, आणि कोकणपट्टीत तर एरवीही, हवेतली आर्द्रता रंगाला बाधते. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतले बाष्प जमते आणि ओल्या रंगावर दुधासारखी पांढुरकी झाक येते. याउलट एप्रिल-मेच्या दुपारी फवाऱ्याचे थेंब हवेतच अर्धे सुकतात आणि भागावर वाळूसारखे खरखरीत बसतात. थंडीच्या दिवसांत दव उडून गेल्यानंतर, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, वारा पडलेला असताना काम करावे. फवारणीपूर्वी जमिनीवर पाणी शिंपडले की धूळ खाली बसते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र हे काम करूच नये, कारण रंगाचे बारीक कण वाऱ्याबरोबर दूरवर जातात आणि शेजाऱ्याच्या गाडीच्या काचेवर चिकटतात.

बंपर काढल्यावर तो साबणाच्या पाण्याने आतूनबाहेरून धुवावा आणि पूर्ण कोरडा झाल्यावर ग्रीस-वॅक्स काढणाऱ्या द्रावाने पुसावा. एका कापडाने द्राव लावावा आणि तो सुकण्यापूर्वी दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्यावा. एकच कापड वापरले तर मेण निघत नाही, ते फक्त जागा बदलते. हे घासण्याच्या आधी करायचे असते, नाहीतर घासकागद (पॉलिश पेपर) तेच मेण ओरखड्यांत दाबून बसवतो. डॅशबोर्डला किंवा टायरला चमक आणणाऱ्या पॉलिशमधले सिलिकॉन विशेष घातक आहे. त्याचा अंशही राहिला, तर रंग तेथून बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. ज्या दिवशी रंग द्यायचा, त्या दिवशी असली बाटली त्या जागेत उघडूही नये.

यानंतरच्या घासाईत सर्वाधिक वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा. क्लिअरसह रंगाची एकूण जाडी साधारण माणसाच्या केसाएवढी असते, त्यामुळे खालची रेघ रंगाने झाकली जाईल ही आशा फोल आहे. उलट चकाकीमुळे ती अधिक ठळक होते. खोल ओरखड्याच्या कडा आधी १८० आणि मग ३२० क्रमांकाच्या कागदाने इतक्या उतरत्या कराव्यात की डोळे मिटून बोट फिरवले तरी पायरी लागू नये. उघडे पडलेले प्लास्टिक खरखरीत कागदाने जोरात घासल्यास त्याचे तंतू उभे राहतात, म्हणून तेथे हात हलका ठेवावा. खळगा भरायचा असल्यास प्लास्टिकसाठीची लवचीक लांबी (पुट्टी) वापरावी. पत्र्यावर चालणारी नेहमीची लांबी बंपर दबला की तडकते. लांबीत हार्डनर, म्हणजे ती कडक करणारे द्रव्य, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळावा. लवकर वाळावी म्हणून जास्त घातल्यास त्याचा डाग पुढे रंगातून वर येऊ शकतो.

बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात. आतल्या बाजूस साच्यात उमटलेली ‘पीपी’ ही अक्षरे पाहून खात्री करता येते. या प्लास्टिकला रंग सहज धरत नाही. जेथे ते उघडे पडले असेल, तेथे रंग प्लास्टिकला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिक प्रायमरचा पातळ, पारदर्शक हात द्यावाच लागतो. माझ्या पहिल्या बंपरवर मी ही पायरी गाळली होती. रंग दिवाळीत सुरेख दिसत होता; पुढच्या पावसाळ्यात पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुताना त्याचा तळहाताएवढा पापुद्रा निघून आला आणि सारे काम मुळापासून पुन्हा करावे लागले.

प्लास्टिक प्रायमरनंतर सरफेसरचे (बारीक रेघा भरून पृष्ठभाग सारखा करणाऱ्या जाडसर अस्तराचे) दोन-तीन हात द्यावेत आणि ते पूर्ण वाळल्यावर त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ शिडकावा करावा. मग ६०० आणि शेवटी ८०० क्रमांकाच्या वॉटर पेपरने, रबरी ठोकळ्यावर कागद गुंडाळून, पाण्याबरोबर घासावे. जेथे काळे ठिपके शिल्लक राहतात तेथे खोलगट आहे, आणि जेथे प्लास्टिक लगेच उघडे पडते तेथे उंचवटा आहे. हा शिडकावा फुकटात मिळणारा परीक्षक आहे. गॅरेजमधले जुने पेंटरही तो टाळत नाहीत.

रंगाचा कॅन किमान दोन मिनिटे हलवावा आणि थंडी असेल तर आधी कोमट पाण्यात ठेवावा. गरम पाण्यात किंवा आगीजवळ कधीही ठेवू नये. नोझल पृष्ठभागापासून २० ते २५ सेंटीमीटरवर धरून हात समांतर सरकवावा. मनगटातून कमान काढली की मध्ये ओघळ येतात आणि टोके कोरडी राहतात. फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. पहिला हात मुद्दाम विरळ द्यावा, आणि दोन हातांमध्ये रंगाची ओली चमक जाऊन तो निस्तेज होईपर्यंत, म्हणजे सुमारे दहा ते पंधरा मिनिटे, थांबावे. मेटॅलिक रंगाचा शेवटचा हात थोड्या अधिक अंतरावरून हलका द्यावा, म्हणजे धातूचे कण सारखे पसरतात आणि ढगाळ पट्टे दिसत नाहीत.

क्लिअर कोट दोन प्रकारचा मिळतो. हार्डनर नसलेला सोपा असतो, पण तो पेट्रोलने विरघळतो आणि उन्हात लवकर मंदावतो. हार्डनरचा क्लिअर खरा टिकाऊ असतो. मात्र त्यात आयसोसायनेट नावाचे रसायन असते, आणि ते श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो. एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्राही त्रास देते. त्याचा वासही वेळीच सावध करत नाही. रुमाल किंवा धुळीचा मास्क येथे निरुपयोगी आहे. व्यावसायिक बूथमध्ये, म्हणजे फवारणीसाठीच्या बंदिस्त खोलीत, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क वापरतात. ती सोय नसेल, तर क्लिअरचे काम बूथ असलेल्या गॅरेजला द्यावे. त्यात कमीपणा नाही. कोणताही क्लिअर असो, फवारताना हातमोजे, बंद चष्मा आणि मोकळी हवा हवी, आणि आसपास गॅसची शेगडी किंवा देवघरातली समई पेटलेली नसावी.

क्लिअर डब्यावरील सूचनेइतका, आणि निदान २४ तास, वाळू द्यावा. संत्र्याच्या सालीसारखा पोत किंवा बसलेला धुळीचा कण दिसल्यास १५०० आणि मग २००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने तेवढीच जागा अलगद घासून रबिंग कंपाउंडने चमक परत आणावी. कडांवर घासू नये, कारण तेथे थर सर्वांत पातळ असतो.

बंपरमागे रडार असलेल्या गाडीत लांबीचा किंवा रंगाचा जाड थर रडारच्या कामात अडथळा आणू शकतो, म्हणून त्या जागेचे काम कंपनीच्या सूचनेप्रमाणेच करावे. पार्किंग सेन्सरही रंगाने जाड होऊ देऊ नयेत. बंपर बसवल्यावर पहिला महिनाभर त्यावर मेण लावू नये, गाडी झाडाखाली उभी करू नये, आणि पक्ष्याची विष्ठा पडलीच तर ती वाळण्याआधी साध्या पाण्याने धुऊन टाकावी.