मिलच्या रीतीने संस्कृत वाचायचं तर

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल (जन्म २० मे १८०६, लंडन) तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकू लागला, याचंच सगळ्यांना कौतुक. वय सोडून द्या. उचलण्यासारखी आहे ती त्याच्या वडिलांची, जेम्स मिलची, शिकवण्याची रीत. संस्कृतलाही ती लागू पडते.

जेम्सने नेहमीचे ग्रीक शब्द अर्थासह कार्डांवर लिहून दिले होते. तुम्ही रोज दहा कार्डं करा. ओळखीचे वाटणारे शब्द मात्र वगळू नका, मराठी वाचक नेमका तिथेच फसतो: ‘शिक्षा’ म्हणजे संस्कृतात शिकणं, दंड नव्हे.

व्याकरण सुरुवातीला नामांच्या आणि क्रियापदांच्या रूपांपुरतंच. मिलनेही तेवढंच केलं आणि थेट इसापच्या गोष्टींचं भाषांतर हाती घेतलं. देव, माला, वन चालवा, वर्तमान आणि प्रथम भूतकाळ पाठ करा आणि हितोपदेशातलं गद्य उघडा. दिवसाला पाच-सहा ओळी पुरेत. आधी पेन्सिलीने संधी सोडवा, नाहीतर शब्द कोशात सापडणारच नाही. श्लोक पहिले दोन महिने नकोत. अन्वय लावतानाच दम जातो.

वाचताना मिल चिठ्ठ्यांवर टिपणं करी आणि सकाळी फिरायला गेल्यावर त्यांच्या आधाराने वडिलांना सगळं सांगे. चिठ्ठीवर नावं आणि घटनाक्रम एवढंच लिहा. पूर्ण वाक्यं लिहिलीत की सांगणं संपतं, वाचून दाखवणं सुरू होतं.

खरी मेहनत पुढे आहे. १८१९मध्ये जेम्सने त्याला अर्थशास्त्र असंच चालता चालता समजावलं. मुलाने दुसऱ्या दिवशी ते लिहून आणायचं आणि स्पष्ट, नेमकं, पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहायचं. याच टिपणांचा उपयोग जेम्सला १८२१च्या आपल्या पुस्तकासाठी झाला. तुमचा सारांशही किमान तीनदा लिहा, दुसऱ्या खेपेपासून मूळ पान मिटून. जिथे अडाल, ते समजलेलं नव्हतं.

झेपणार नाही ते लांबच ठेवा. प्लेटोचा ‘थिएटेटस’ हा संवाद लहानपणी वाचायला लावला नसता तर बरं, तो कळणं शक्यच नव्हतं, असं मिलने पुढे स्वतःच लिहिलं. मुलांना शिकवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं.

लॅटिन तो आठव्या वर्षी शिकू लागला आणि शिकता शिकताच धाकट्या बहिणीलाही शिकवू लागला. त्याने त्याचं स्वतःचं पक्कं झालं. पण मुलांनी मुलांना शिकवणं ही रीत त्याला मुळीच पसंत नव्हती. म्हणून जोडीदाराला शिकवा जरूर, पण त्याचा धडा तिसऱ्या, जाणत्या माणसाने ऐकावा. मिलच्या घरी बहीण तो वडिलांपुढे म्हणून दाखवत असे.