डिजिटल कलेचं अंतिम वर्षाचं प्रदर्शन मांडताय? या चुका टाळा

अंतिम वर्षाच्या प्रदर्शनात काम कच्चं असल्यामुळे फसणारे विद्यार्थी थोडे. बहुतेकांचं काम चांगलं असतं, पण ते फक्त होस्टेलच्या खोलीत, रात्री, दार लावून तपासलेलं असतं. हॉलमध्ये ते दिवसा चालायला हवं, सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात चालायला हवं आणि तुम्ही जेवायला गेलात तरी चालायला हवं. म्हणून उद्घाटनाच्या आधीचा एक अख्खा दिवस हॉलमधल्या तपासणीसाठी मागून घ्या. तोही सकाळपासून, कारण दुपारचा उजेड कुठून येतो हे संध्याकाळी कळत नाही.

उजेडाचा हिशेब न करता प्रोजेक्टर आणणं

सगळ्यात जास्त कामं इथेच मार खातात. ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरमधून निघणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे भिंतीच्या दर चौरस मीटरवर पडणारा उजेड. ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर २ मीटर रुंदीच्या चित्रावर साधारण १,३०० लक्स उजेड टाकतो. तेच चित्र ३ मीटर रुंद केलं की ६०० लक्सच्या आत येतं. खिडक्यांतून भिंतीवर आधीच ४०० लक्स पडत असतील, तर तुमचा काळा रंग राखाडी दिसणार आणि अंधारातली दृश्यं धुऊन निघणार. मोठ्या चित्राचा मोह सोडा. लहान पण ठसठशीत चित्र नेहमी जिंकतं. मंडपवाल्याकडून जाड काळं कापड आणा, खिडकीच्या भिंतीला छापील कामं द्या आणि प्रोजेक्शन आतल्या कोपऱ्यात न्या. भाड्याने प्रोजेक्टर घेताना ‘एएनएसआय ल्युमेन (प्रमाणित पद्धतीने मोजलेले) किती?’ असंच विचारा. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावरचे आकडे फुगवलेले असतात. थ्रो रेशो, म्हणजे प्रोजेक्टरचं अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट, तोही विचारून घ्या. तो १.५ असेल तर २ मीटर रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर ३ मीटर लांब ठेवावा लागतो, आणि तेवढ्या जागेत लोक मधून चालणारच.

हातवारे ओळखणारं काम असेल तर ऊन आणखी त्रास देतं. इन्फ्रारेडवर चालणारे डेप्थ सेन्सर (समोरच्या वस्तूचं अंतर मोजणारे) थेट उन्हात आणि हॅलोजनच्या झोतात गोंधळतात. कोड पुन्हा लिहायला बसण्याआधी पडदा ओढून पाहा.

लाइट जाणार हे गृहीत न धरणं

लाइट गेली की खरी परीक्षा ती परत आल्यावर असते. टीव्ही स्टँडबायमध्ये अडकतो, कॉम्प्युटर बंदच राहतो आणि दार उघडून आलेल्या माणसाला काळा पडदा दिसतो. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. लॉगिन आपोआप होऊ द्या आणि तुमचा प्रोग्राम स्टार्टअप फोल्डरमध्ये टाका. अनेक प्रोजेक्टरनाही ‘डायरेक्ट पॉवर ऑन’ असतं. मग मुख्य बटण बंद करून पुन्हा चालू करा आणि कशालाही हात न लावता काम उभं राहतं का ते बघा. दिव्याच्या प्रोजेक्टरला लहानसा यूपीएस जरूर द्या. गरम दिवा पंख्याविना बंद पडला की त्याचं आयुष्य घटतं. प्रोजेक्टरच्या मागे हवेला जागा सोडा, रोज सकाळी फिल्टरवरची धूळ झाडा. एका एक्स्टेंशन बोर्डावर सगळं लादू नका.

एलईडी पट्ट्या लावणाऱ्यांनी हिशेब कागदावर करावा. डब्ल्यूएस२८१२बी जातीचा एक दिवा पूर्ण पांढरा असताना सुमारे ६० मिलीअँपिअर घेतो. म्हणजे १०० दिव्यांना ६ अँपिअर. ते आर्डुइनोच्या (दिवे चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या) पिनमधून मिळणार नाहीत, ५ व्होल्टचा वेगळा सप्लाय लागतो.

‘माझ्या लॅपटॉपवर चालत होतं’

पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसतच नाही, आणि एच.२६५ या नव्या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ जुना टीव्ही उघडत नाही. एच.२६४ची एमपी४ फाइल करा आणि त्याच टीव्हीवर तासभर लूपमध्ये चालवून पाहा. ब्राउझरमधल्या कामाच्या लायब्ररी (नेटवरून येणारा तयार कोड) आधीच उतरवून ठेवा, नाहीतर हॉलमधलं वायफाय गेलं की पान कोरं. क्रोम २०१८पासून प्रेक्षकाने क्लिक करेपर्यंत आवाज अडवतो, म्हणून सुरुवातीला एक बटण द्या. टचडिझायनर या हलत्या, प्रतिसाद देणाऱ्या दृश्यांच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती १२८० × १२८० पिक्सेलच्या पुढे जात नाही. भिंतीचा आकार ठरवण्याआधी हे लक्षात घ्या. स्लीप मोड, अपडेट आणि नोटिफिकेशन बंद करा.

अक्षरं मोडणं

प्रीमिअर या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई टेक्स्ट इंजिन निवडलं नाही तर वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं सुटी होतात. स्वतःचं नाव असं मोडून पडद्यावर आलेलं पाहणं फार जिव्हारी लागतं. छपाईला देताना अक्षरांचे आउटलाइन (फॉन्टऐवजी नुसते आकार) करून पीडीएफ द्या.

फलकावर कोणालाच न कळणारं लिहिणं

ज्युरीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले जड परिच्छेद मला मनापासून खटकतात, कारण प्रदर्शन बघायला तुमचे आईवडील येतात, शेजारचे काका येतात, सोलापूरच्या पूर्व भागातून माग चालवणारी मंडळी येतात. भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणारा जकार्ड माग १८०४च्या सुमाराचा. कार्डावर भोक असेल तर ताण्याचा (मागावरचा उभा) धागा वर उचलायचा, नसेल तर नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी याच हिशेबाने उतरते. ज्याने असा माग चालवलाय त्याला कोडमधून नक्षी कशी येते हे दोन वाक्यांत सांगता येतं. ती दोन वाक्यं लिहा. मराठीत लिहा, आणि तेलुगू, कन्नड, उर्दू येणारे मित्र वर्गात असतीलच, त्यांच्याकडून त्या भाषांतही लिहून घ्या. व्हिडिओ किती मिनिटांचा आहे तेही घाला. लोक त्यावरून थांबायचं ठरवतात.

शेजारच्या कामांचे आवाज एकमेकांत मिसळत असतील तर एकाला हेडफोन द्या.

आणि चित्रीकरण शेवटच्या दिवसावर ठेवू नका. तेव्हा तारा निघालेल्या असतात, भाड्याचा प्रोजेक्टर परत गेलेला असतो. पहिल्याच दिवशी, लोक काम हाताळत असताना, हॉलच्या आवाजासकट शूट करा. नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला तेच उरतं. सोबत कोड, फाइल आणि जोडणीचा हाताने काढलेला आराखडा दोन ठिकाणी जपून ठेवा.