सर्व्हिस वायर ओढायच्या आधी

पोलवरून घरापर्यंतची वायर बदलायची असेल तर मे संपायच्या आत उरका. जून लागला की वायरमनला तक्रारींतून सवड नसते. अर्ज, टेस्ट रिपोर्ट, ग्राहक क्रमांक हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे चला.

आधी लांबी. जमिनीवर टेप टाकून आलेलं अंतर म्हणजे वायरची लांबी नव्हे. पोलवर जोडायला एक मीटर, झोळाला थोडी, भिंतीवरून मीटरपर्यंत लागेल तेवढी, आणि वायर ज्या पाइपातून मीटरकडे जाते त्याच्या तोंडाशी खाली लोंबता वळसा ठेवायला जवळपास मीटरभर. हा वळसा कागदावर लिहा. मागच्या खेपेला नेमकी तेवढीच वायर धरली नव्हती. वायर ताणून सरळ पाइपात घातली आणि पहिल्याच पावसात मीटरपेटीत पाणी. वायर कमी पडली म्हणून मधे सांधा? अजिबात नाही.

पाणी वायरीवरून उताराने पळतं. वायर वरून खाली येऊन थेट पाइपात शिरली की तो पाइप म्हणजे पन्हाळच. म्हणून जी. आय. (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपाला वर बेंड, तोंड जमिनीकडे. वायर अडकवायचं चिनी मातीचं रीळ त्या तोंडाच्या वीतभर खाली. रिळापासून वायर आणखी फूटभर खाली लोंबू द्यायची आणि मग वर वळवून तोंडात घालायची. थेंब वळशाच्या बुडाला गळतो, वर चढत नाही. पाटण, जावळीकडे पाऊस आडवा मारतो, तिथे तर वळशाशिवाय काम ताब्यात घेऊच नका. वायरमन म्हणेल, ‘एम-सील लावतो की,’ म्हणजे फट बुजवायची लांबी. उन्हाने ते तडकतं. वळसा मागा.

वायर मंजूर लोडप्रमाणे. पाच किलोवॉटला सिंगल फेजवर साधारण २२ अँपिअर जातात. दोन कोअरची १० चौरस मिमी ॲल्युमिनियम पुरते. वरचं आवरण काळंच घ्या, उन्हात टिकतं. वायरीचा भार जी. आय. तारेवर, त्या तारेत चिनी मातीचा इन्सुलेटर हवाच. तो नसेल आणि आवरण घासलं तर करंट तारेतून पत्र्यावर उतरतो. बांधायला प्लॅस्टिकचे टाय नकोत, दोन उन्हाळ्यांत तुटतात.

उंचीत घासाघीस नाही. रस्ता ओलांडताना ५.८ मीटर, रस्त्याकडेने ५.५. झोळाच्या सगळ्यात खालच्या जागी मोजा आणि दुपारी मोजा, कारण तापलेली तार खाली येते. वाळव्यात, कराडात गळीत सुरू झालं की उसाची ट्रॉली याच वायरीखालून जाणार, आणि वर बसलेलं पोरगं ओल्या उसानेच वायर उचलणार. रस्त्यापलीकडच्या पोलवरून वायर घेणं टळत असेल तर टाळा.

मीटर नजरेच्या उंचीवर. कृष्णाकाठी मात्र २०१९ च्या पुराची भिंतीवरची खूण बघा आणि त्याच्या वर बसवायची परवानगी आधी विचारा.

पोलवर फक्त महावितरणचा माणूस चढेल, तोही सप्लाय बंद करून. तुम्ही खालून एवढंच बघा: ॲल्युमिनियमला तांबं नुसतं पिळून जोडलेलं नको, बायमेटल लग (दोन्ही धातूंना चालणारा जोड) हवा. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, ढिली राहिली तर थ्री फेजवाल्यांचा फ्रिज, टीव्ही गेलाच.

अर्थिंग तपासा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच सप्लाय तोडणारा स्विच, हवा. जुनी वायर काढून घ्या. वायरीवर कपडे नकोत, वेल नको.

आणि वळसा. वायरमनची शिडी भिंतीला आहे तोवर बादलीभर पाणी घ्यायचं, सप्लाय अजून बंद आहे ना ते विचारायचं आणि त्यालाच रिळाशी वायरीवर मगभर ओतायला लावायचं. थेंब वळशाच्या बुडाला पडले तर शिडी काढू द्या. पाइपाकडे ओघळले तर पुन्हा बांधायला लावा.