इंग्लंडमधल्या गावच्या चर्चचं खरं वय कसं ओळखायचं

इंग्लंडच्या खेड्यात टोकदार कमानींचं दगडी चर्च दिसलं की आपण लगेच म्हणतो, वा, सातशे वर्षं जुनं असणार! जरा थांबा. यातली बरीच चर्च राणी व्हिक्टोरियाच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ मधे, नवी बांधलेली नाहीतर जुनी उकलून परत उभी केलेली आहेत, आणि पुष्कळदा ती मुद्दामच १३०० च्या आसपासची वाटावीत अशी केलीयत.

आत शिरायची घाई नको, आधी बाहेरून एक चक्कर मारा. दगडांच्या कडा धारदार, सगळ्या खिडक्या एकाच धाटणीच्या, सगळं कसं मापात, असं असेल तर संशय घ्या. खऱ्या जुन्या भिंतीत मधेच दगड बदलतो, एखादं बुजवलेलं दार दिसतं, एक खिडकी एका शतकातली तर शेजारची दुसऱ्या.

आत गेलात की सगळे वर बघतात, तुम्ही खाली बघा. लाल-पिवळ्या नक्षीच्या, एकसारख्या गुळगुळीत टाइल्स आहेत? मग हे बहुतेक व्हिक्टोरियन काम. नक्षी रंगवलेली नसते बरं का, वेगळ्या रंगाची माती भरून भाजलेली असते, स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटन कंपनीने अशा ढिगाने बनवल्या.

आता पूर्वेकडे, वेदीच्या बाजूला बघा. तिथे लांबलचक चॅन्सेल, म्हणजे वेदी असलेला चर्चचा भाग, आणि चढत्या पायऱ्या असतील तर त्यामागे १८३९ मधे केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी काढलेली कॅम्डेन सोसायटी असू शकते, त्यांचा आग्रहच होता की वेदी सगळ्यांना दिसली पाहिजे आणि दारं लावलेली खाजगी बाकं, पश्चिमेकडची गॅलरी हे सगळं काढून टाका. त्या गॅलरीत बसून गावातलेच लोक वाद्यं वाजवायचे, त्यांची जागा ऑर्गनने घेतली. मला तर त्या वादकांचं फार वाईट वाटतं.

सगळ्यात गंमत आतल्या भिंतींची. उघडा ओबडधोबड दगड बघून आपण खूश होतो, काय जुनं आहे म्हणून, पण मध्ययुगात आतून गिलावा असायचा आणि वर चित्रं. तो गिलावा खरवडला व्हिक्टोरियन लोकांनी! याच असल्या कारभारावर चिडून विल्यम मॉरिस या कवी-डिझायनरने १८७७ मधे जुन्या इमारती वाचवायला संस्था काढली.

दाराजवळ किंवा मनोऱ्याखाली एखादा बोर्ड लटकतोय का शोधा. चर्च बांधायला अनुदान देणारी एक संस्था १८१८ पासून होती आणि तिची अट अशी की गरिबांसाठी फुकट बसायच्या जागा ठेवायच्या, म्हणून किती जागा फुकट ते बोर्डवर लिहिलेलं असतं, बऱ्याचदा साल पण. अशा चर्चचे नकाशे लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस लायब्ररीत आहेत. रंगीत काचेच्या कोपऱ्यात छोटीशी गव्हाची पेंढी दिसली तर ती केम्प या व्हिक्टोरियन काच-चित्रकाराच्या स्टुडिओची खूण.

आणि निघताना पश्चिमेच्या दाराजवळचं बाप्तिस्म्याचं कुंड नक्की बघा. बाकी सगळं नवं केलं तरी ते पुष्कळदा जुनंच ठेवलेलं असतं, कधीकधी तर पार नॉर्मन काळातलं, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातलं.