कुष्ठमुक्तांचा गट चालवताना

कुष्ठरोगावरील औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतो. घरात वेगळा काढून ठेवलेला कप मात्र गोळ्या संपल्यानंतरही वेगळाच राहतो. त्या कपाशी एकट्याने झगडणे कठीण असते, म्हणून गट हवा. आठ-दहा जणांचा गट पुरेसा होतो. बैठकीच्या जागेवर किंवा फोनवरच्या निरोपात रोगाचे नाव येऊ देऊ नये, आणि गटप्रमुख शक्यतो स्वतः या रोगातून बरा झालेला असावा.

पहिल्याच बैठकीत मन मोकळे करण्याचा आग्रह धरू नये. ‘आपापले अनुभव सांगा’ असे म्हटले की माणसे जमिनीकडे पाहू लागतात. त्याऐवजी घमेल्यांत साधे पाणी भरावे आणि बधिर पाय सर्वांनी एकत्र बसून वीस मिनिटे भिजवावेत. पाणी गरम असू नये, कारण संवेदना गेलेल्या पायाला चटका बसलेला कळत नाही. नंतर जाड झालेली कातडी वजरीने हलकेच घासावी, ओलसर त्वचेवर खोबरेल तेल लावावे आणि आरसा धरून तळव्याला भेग, फोड किंवा काटा आहे का ते पाहावे. जखम असेल तिथे मात्र घासू नये. वर्षानुवर्षे लपवलेला पाय दुसऱ्याच्या पायाशेजारी उघडा ठेवला की बोलणे आपोआप सुरू होते, आणि माझ्या मते गटातील खरे समुपदेशन याच वीस मिनिटांत घडते.

‘हे मागच्या जन्मीचे भोग आहेत’ असे कोणी म्हणाले, तर समुपदेशकाने लगेच व्याख्यान देऊ नये. ज्यांनाही कधी तसे वाटत होते, त्यांना आधी बोलू द्यावे. त्यानंतर सांगावे की हा रोग जंतूमुळे होतो, तो जंतू नॉर्वेचे डॉक्टर हान्सेन यांनी 1873 साली शोधला, बहुतेकांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती असते, आणि एका ताटात जेवल्याने किंवा हात हातात घेतल्याने तो पसरत नाही.

नेहमी अडणारे प्रसंग गटात करून पाहावेत. समजा, हळदीकुंकवाला गेलेली बाई वाकडी बोटे पदराखाली लपवते आणि यजमानीण वाण हातात न देता तिच्यापुढे ठेवते. एकीने यजमानीण व्हावे, दुसरीने उत्तर द्यावे: ‘माझे औषध पूर्ण झाले आहे, बोटांत राहिला तो फक्त वाकडेपणा.’ हे वाक्य पाच-सहा वेळा तोंडातून गेले, तरच ऐनवेळी आठवते. बैठकीचा चहा सदस्यांनीच करावा, आणि बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने तो प्यावा. उपवासाची सबब सांगणारा कार्यकर्ता पुन्हा बोलावू नये.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीला प्रत्येकाच्या घरातील एक माणूस बोलवावा, पण सदस्याची संमती घेऊनच. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद 2019 साली वैयक्तिक कायद्यांतून वगळण्यात आली, हे त्या वेळी स्पष्ट सांगावे; जावयाच्या किंवा सुनेच्या बाबतीत अजूनही तीच धमकी ऐकू येते.

काही गोष्टी गटात सोडवायच्या नसतात. चट्टा लाल होऊन सुजला, नस दुखू लागली किंवा हातापायाची ताकद एकाएकी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कोणी जीव देण्याची भाषा केली, तर त्याला एकटे सोडू नये आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर त्याचे बोलणे करून द्यावे.

सलग दोन बैठकांना कोणी आले नाही, तर गटातल्याच एखाद्याने साध्या वेशात आणि साध्या निमित्ताने त्यांच्या घरी जावे. दारात सरकारी गाडी उभी राहिली, तर संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कारण कळते.