घन आकार पोकळ करताना शेल कोणत्या टप्प्यावर द्यावा

कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर त्रिमित आकार घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, डबी, झाकण किंवा एखाद्या यंत्राचे आवरण करायचे असले, की नवखा माणूस बहुधा आतल्या पोकळीचे वेगळे स्केच काढून तेवढा भाग कापून टाकतो. साध्या ठोकळ्यापुरते ते चालते. परंतु पुढे बाहेरचे एखादे माप बदलले की आतले मापही हाताने बदलावे लागते, आणि ते राहून गेले तर भिंत एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ होते. घन आकार ठरावीक जाडीची भिंत ठेवून पोकळ करण्याच्या याच कामासाठी सॉलिडवर्क्स, फ्यूजन आणि इन्व्हेंटर या कॅड सॉफ्टवेअरमध्ये ‘शेल’, तर फ्रीकॅडच्या पार्ट डिझाइन या विभागात ‘थिकनेस’ हे साधन दिलेले आहे.

प्रथम जी बाजू उघडी ठेवायची तो पृष्ठभाग निवडावा, मग भिंतीची जाडी द्यावी आणि ती आतल्या बाजूला धरायची की बाहेरच्या, हे ठरवावे. ऑटोकॅडमध्ये अंतराची किंमत धन दिल्यास भिंत आत येते आणि ऋण दिल्यास बाहेर जाते. १०० × ६० × ४० मिमी मापाच्या ठोकळ्याचा वरचा पृष्ठभाग निवडून आतल्या बाजूला २ मिमी जाडी दिली, तर आतली जागा ९६ × ५६ × ३८ मिमी होते आणि मूळ घनफळाच्या जेमतेम १५ टक्के साहित्य उरते.

खरी काळजी घ्यावी लागते ती क्रमाची, आणि माझ्या मते बहुतेक चुका इथेच होतात. याच डबीला आधी शेल देऊन नंतर बाहेरच्या उभ्या कडांना ५ मिमी त्रिज्येचा फिलेट (कडेची गोलाई) दिला, तर बाहेरचा कोपरा गोल होतो, पण आतला काटकोनच राहतो. परिणामी त्या कोपऱ्यात भिंत २ मिमी न राहता सुमारे ०.७६ मिमी उरते, आणि त्रिज्या ७ मिमी केली तर कोपरा आरपार फुटतो. हाच फिलेट शेलच्या आधी दिला, तर आतल्या कोपऱ्याला आपोआप ३ मिमी त्रिज्या मिळते आणि जाडी सगळीकडे सारखी राहते. साच्यातून वस्तू सुटावी म्हणून भिंतींना दिलेला उतारही याच कारणाने आधी द्यावा. उलट आतल्या बाजूचे स्क्रूचे खांब आणि आधाराच्या पट्ट्या मात्र शेलनंतरच जोडाव्यात.

कधी कधी शेल लागतच नाही आणि सॉफ्टवेअर नुसती त्रुटी दाखवते. अशा वेळी बाहेरच्या बाजूला फुगलेला, जाडीपेक्षा कमी त्रिज्येचा एखादा गोलवा आहे का, ते आधी पाहावे. १ मिमी त्रिज्येचा पृष्ठभाग २ मिमी आत सरकवायचा तर त्याला त्रिज्याच उरत नाही. साध्या कडेवर सॉफ्टवेअर आतला कोपरा टोकदार करून निभावून नेते, पण जिथे अनेक गोलवे एकत्र येतात तिथे ते अडते. दोष सापडत नसेल तर जाडी ०.५ मिमीपर्यंत उतरवावी आणि थोडी थोडी वाढवत जावी, कारण ज्या आकड्यावर शेल तुटतो, त्याच्या जवळपासच्या त्रिज्येचा पृष्ठभाग बहुधा दोषी असतो.

शेल लागला म्हणजे तो बरोबर आहे, असे मानून पुढे जाऊ नये. सेक्शन व्ह्यू उघडून मॉडेल आडवे आणि उभे कापून पाहावे आणि विशेषतः कोपऱ्यांतली जाडी प्रत्यक्ष मोजावी.

एकही पृष्ठभाग न निवडता शेल दिला तर आत सर्व बाजूंनी बंद पोकळी तयार होते. द्रव रेझिन घट्ट करत वस्तू घडवणाऱ्या रेझिन प्रिंटरवर असा भाग छापल्यास न घट्ट झालेले रेझिन आतच अडकून राहते, म्हणून शेलनंतर त्याला निदान दोन भोके पाडावीत: एकातून रेझिन बाहेर येते आणि दुसऱ्यातून आत हवा जाते.